बंदूक धरायला कुणीतरी लागतं

माझ्या हातून आयुष्यात एकच वस्तू कुठंतरी विसरून राहिली, आणि ती नेमकी बंदूक होती. छत्री, चष्मा, पेन असल्या गोष्टी विसरणाऱ्याला लोक हसून सोडून देतात. माझी सुरुवातच वरच्या इयत्तेपासून झाली.

आधी माझी बाजू सांगतो. पाटबंधारे खात्यात आवक-जावकच्या टेबलावर मी चोवीस वर्षं काढली आणि त्या चोवीस वर्षांत एक कागद हरवू दिला नाही. एकदा कार्यालयात माकड शिरलं आणि कालव्याची एक फाईल घेऊन लिंबावर जाऊन बसलं. ती फाईलसुद्धा मी केळी दाखवून परत मिळवली, तिच्यावर ‘परत प्राप्त’ असा शेरा मारला आणि तारीख घातली. या स्वभावाचं घरी कौतुक होतं असं मात्र नाही. आमची आशा म्हणायची, "अहो, कधीतरी काहीतरी विसरा की. विसरणाऱ्या माणसाच्या घरात जरा गंमत असते." यात गंमत कसली हे मला कळायचं नाही.

हा गुण मला आबांकडून आला असा माझा समज होता. आबा म्हणजे माझे वडील, काकासाहेब. चितेगावच्या पुढं, बिडकीनपासून दीड कोसावर आमची शेती. पोलीस ॲक्शननंतर दोन-तीन वर्षांनी आबांनी रानडुकरांसाठी बंदुकीचं लायसन काढलं आणि एकनळी बारा बोर घरात आली. तिनं डुकरं किती मारली याची नोंद नाही, पण गावात आमचं घर ‘बंदूकवाल्यांचं’ झालं. आम्हा भावंडांना तिला हात लावायची बंदी होती. मी एकदा शाळेत पाटी विसरून आलो तेव्हा आबांनी उन्हाचं मला परत पिटाळलं होतं. म्हणाले, "पाटी हे तुझं हत्यार हाय. हत्यार मागं सोडून यायचं नसतं." त्या दिवसापासून मी काही मागं सोडलं नाही.

शिस्त किती, तर दर बाजाराच्या दिवशी संध्याकाळी आबा आणि आई बैलगाडी जुंपून बिडकीनला जायचे. कुठं चाललेत म्हणून विचारलं की आजी सांगायची, "ठाण्यात बंदुकीची हजेरी असती."

"मग आई कशाला जाते?"

"दोघांनी जायचं असतं. तसा कायदाच हाय," असं म्हणून आजी आम्हाला गप्प बसवायची.

पुढं सरकारी नोकरीत मी याहून विचित्र कायदे पाहिले, त्यामुळं या कायद्याबद्दल मला कधी शंका आली नाही.

चौऱ्याण्णवच्या भाद्रपदात आबा गेले. शेत वाट्यानं दिलं आणि आईला मी शहरात, सिडकोतल्या आमच्या घरी आणलं. तिनं बरोबर तीन गोष्टी आणल्या. एक पत्र्याची पेटी, आबांच्या जुन्या धोतरांची तिनं शिवलेली गोधडी आणि त्या गोधडीत बंदूक. हे कायद्यात कुठं बसतं ते मी मुद्दामच तपासलं नाही, आणि न तपासलेला नियम घरात असल्यामुळं मला नीट झोपही लागत नव्हती.

आई रात्री बंदूक आपल्या शेजारी ठेवून निजायची. जेवायची दोन घास. बोलायची त्याहून कमी. आणि दर बाजाराच्या दिवशी चार वाजले की तोंड धुऊन, केस विंचरून, इरकली लुगडं नेसून दाराजवळच्या खुर्चीत येऊन बसायची. मी एकदा रजेवर होतो, तेव्हा विचारलं, "आई, कुठं जायचंय?"

"कुटं न्हाय," ती म्हणाली.

दिवेलागणीपर्यंत बसायची आणि मग उठून लुगडं घडी घालून ठेवायची. डॉक्टरांनी वयाचं कारण सांगितलं आणि टॉनिक लिहून दिलं. आईचं वय तेव्हा बासष्ट होतं.

पंच्याण्णवची निवडणूक लागली आणि हुकूम निघाला की लायसनची सगळी हत्यारं आपापल्या ठाण्यात जमा करावीत. लायसनधारक मयत असेल तर वारसानं हत्यार कायमचं सुपूर्द करावं. मी रोज उद्या-उद्या करत शेवटच्या दिवसापर्यंत आलो. तो नेमका बिडकीनच्या बाजाराचा दिवस होता. सकाळी आईला सांगितलं.

"कायमची द्यायची?" तिनं विचारलं.

"कायमची."

ती बराच वेळ गोधडीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "मी येऊ का?"

"तुला कशाला दगदग? अर्ध्या तासाचं काम आहे," मी म्हणालो.

 हे वाक्य मी पुढं किती वेळा आठवलं ते माझं मला माहीत.

बंदूक न्यायची कशी यावर आमच्या जिन्यात बैठक बसली. शेजारचे मधुसूदनराव कोर्टातून पेशकार म्हणून निवृत्त झालेले होते आणि कायदा त्यांच्या अंगात अजून मुरत होता. ते म्हणाले, "बद्रीनाथराव, लपवून नेलीत तर हत्यार लपवल्याचा गुन्हा. उघडी नेलीत तर दहशत माजवल्याचा गुन्हा. आणि सध्या आचारसंहिता आहे."

"मग नेऊ कशी?"

"अर्धवट," मधुसूदनराव म्हणाले.

वरच्या मजल्यावरच्या आवडाबाईंचं म्हणणं पडलं की उसाच्या मोळीत खुपसून न्यावी, कुणी बघत नाही. कुणीतरी सुचवलं की ट्रकच्या मागं सळ्या बाहेर आल्या की लाल फडकं बांधतात, तसं बांधावं म्हणजे कायद्यात बसेल. सगळ्यांचा मान राखायचा म्हणून गोधडीत गुंडाळलेली, नळी चार बोटं बाहेर काढलेली, नळीला लाल फडकं आणि भोवती तीन ऊस अशी ती बंदूक घेऊन मी निघालो. एका हातात फाईल, दुसऱ्या हातात हे लग्नाचं वऱ्हाड. हे सगळं धरून स्कूटर हाकता येईना, म्हणून पैठणची एसटी पकडली.

कंडक्टरनं लगेजच्या तक्त्यावर बोट फिरवलं. त्यात शेळी होती, सायकल होती, कोंबड्यांची पाटी होती. "ह्यात काय हाय?" त्यानं विचारलं.

"शासकीय काम," मी म्हणालो. त्यानं विचार करून मला उसाचं तिकीट दिलं.

शेजारी बसलेल्या बाईंनी, त्यांना लोक भागूबाई म्हणत होते, नातीसाठी उसाचं कांडं मागितलं. नाही कसं म्हणणार? मी घ्या म्हटलं, तर त्यांनी नेमकी नळी धरली आणि पाय टेकवून ओढायला लागल्या. "लई टणक ऊस हाय बाबा तुमचा," त्या म्हणाल्या. "कोनत्या गावचा?" मी घाईघाईनं दोन ऊस त्यांना देऊन टाकले आणि उरलेला एक हातात घट्ट धरून बसलो. हा ऊस लक्षात ठेवा.

ठाण्यात जमादारसाहेब होते. केस पिकलेले, आवाज शांत.

"धारक कुटं हायत?"

"वारले."

"मग जमा कोन करनार?"

"मी. वारस."

"वारस कशावरून?"

मी फाईल उघडली. लायसन, मृत्यूचा दाखला, वारसाचं शपथपत्र, रेशनकार्ड, सगळं टॅगला लावून, अनुक्रमांक घालून. जमादारसाहेबांनी चूक शोधायला बराच वेळ घेतला. ती सापडली नाही तेव्हा त्यांच्या डोळ्यांत माझ्याबद्दल थोडा आदर दिसला. शेवटी म्हणाले, "तीन-तीन प्रती लागतील. साक्षांकित. आन ह्या गावचे दोन पंच."

"तोपर्यंत बंदूक इथं ठेवू का?"

"कागद पुरं झाल्याबिगर हत्यार ठान्यात ठिवता येत नाय. बेवारस धरावं लागतं. सहाला रजिस्टर बंद. त्याच्या आत या."

निघताना मी सहज म्हणालो, "जुन्या हजेरीच्या रजिस्टरातही आबांचं नाव सापडेल. दर बाजाराला बंदुकीची हजेरी द्यायला यायचे ते."

"कशाची हजेरी?"

"बंदुकीची."

जमादारसाहेबांनी चष्मा काढला. "एकतीस वर्सं झाली खात्यात. मानसाची हजेरी असती. बंदुकीची कुटंच नसती."

माणूस चांगला असला तरी जुने नियम माहीत नसावेत असं म्हणून मी ते सोडून दिलं.

हनीफभाईंच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो तर वीज गेलेली. वीज आली तर शाई संपलेली. प्रती झाल्या तर साक्षांकन करणारे हेडमास्तर वर्गात कोंडलेल्या पोरांना शांत करण्यात गुंतलेले. पंच म्हणून केशकर्तनालयातून दोघंजण उठवून आणले, त्यातल्या एकाची निम्मी दाढी राहिली होती. दोघांनी चहाशिवाय सही करणार नाही असं सांगितलं, म्हणून बाजाराच्या टोकाच्या सांडूअण्णांच्या हॉटेलात बसलो.

हॉटेल म्हणजे पत्र्याचं छप्पर, चार बाकडी आणि आतल्या बाजूला फुलाफुलांचा पडदा. कढईपुढं जाड भिंगाचा चष्मा लावलेले सांडूअण्णा भजी तळत होते. माझ्याकडं आणि गोधडीकडं त्यांनी आळीपाळीनं बघितलं.

"कोनाचे तुमी?"

"काकासाहेबांचा बद्रीनाथ."

त्यांच्या हातातला झारा कढईतच राहिला.  न मागता एक बशीभर भजी आणून ठेवली आणि पुन्हा कढईपुढं जाऊन पाठ करून बसले. मी गोधडी कोपऱ्यात भिंतीला टेकवली, पंचांच्या सह्या घ्यायला सुरुवात केली, आणि तेवढ्यात वावटळ आली.

बारा कागद उडाले. एक भेळवाल्याच्या टोपलीत, दोन मिरच्यांच्या ढिगावर, एक गाढवाच्या पाठीवर. मी कसा धावलो ते बिडकीनच्या बाजारानं बघितलं. पण बाराच्या बारा कागद मी गोळा केले, तिथंच रस्त्यावर मोजले, फाईलला लावले आणि विजयी मुद्रेनं थेट ठाण्यात गेलो.

जमादारसाहेबांनी एकेक प्रत तपासून शिक्का मारला. "एक नंबर काम. असली फाईल ठान्याला बघाया मिळत नाय. आना बंदूक," ते म्हणाले.

मी हात पुढं केला. हातात ऊस होता.

तेव्हा उलगडा झाला. लांबसं काहीतरी हातात आहे एवढ्यावर माझ्या हाताचं समाधान झालं होतं. जमादारसाहेब उसाकडं बघत होते. मी म्हणालो, "बंदूक बाहेर आहे. माणूस धरून उभा आहे. आणतोच."

बाहेर आलो. संध्याकाळी बाजारात एका उमेदवाराची सभा होती. जीपवर कर्णे लागले होते, पोलीस फिरत होते, आणि त्या गर्दीत कुठंतरी आमच्या नावाची बंदूक बेवारस पडली होती. ती कुणा भलत्याच्या हाती लागली तर माझी नोकरी गेली, कदाचित मीही गेलो. पण खरं सांगायचं तर त्या वेळी मला नोकरीपेक्षा आईची भीती वाटत होती. आबांची एवढी एकच वस्तू तिनं माझ्या हातात दिली होती. सकाळी ती येते म्हणाली तर मी तिला घरी ठेवलं होतं.

आधी हॉटेलात धावलो. कोपरा रिकामा होता. ‘बंदूक’ हा शब्द मोठ्यानं काढायची सोय नव्हती, म्हणून सांडूअण्णांच्या कानाशी लागलो. "इथं माझं काही राहिलं का? लांबसं?"

त्यांनी हात पुसले. माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुमचं काय नाय राह्यलं इथं."

केशकर्तनालयात विचारलं तर त्यांनी माळ्यावरून एक कुबडी काढून दिली. हनीफभाई म्हणाले, "लंबा बोले तो कित्ता लंबा? नाम तो बोलो साब, ऐसा कैसा ढूंढना?" नाव सांगितलं नाही, तेव्हा त्यांनी पडद्याचा दांडा पुढं केला. हेडमास्तरांनी शाळेची जुनी छडी दाखवली. साहेबांचं लांबसं काहीतरी हरवलंय ही बातमी माझ्या पुढं पळायला लागली. जाईन तिथं लोक काही ना काही काढून तयार. बासरी, रॉकेलच्या पिंपात घालायची पट्टी, एका पक्षाच्या झेंड्याची काठी. ती काठी मी निरखून बघितली म्हणून त्या पक्षाची दोन माणसं माझ्या मागंच लागली. इकडं साडेचार वाजून गेले.

शेवटी एसटीडी बूथमध्ये शिरलो आणि मधुसूदनरावांच्या घरी फोन लावला. आईला बोलवा म्हटलं. मधुसूदनराव म्हणाले, "काय झालं ते मला कळलं. फोनवर कबुली देऊ नका." मग आईचा श्वास ऐकू आला.

"जमा झाली का रं?"

"आई, मी बंदूक कुठंतरी विसरलो."

पलीकडून कसलातरी आवाज यायला लागला. मला वाटलं आई रडतेय. मी बूथच्या काचेला डोकं टेकवून उभा राहिलो. थोड्या वेळानं कळलं की आई हसत होती. आबा गेल्यापासून पहिल्यांदा.

"सांडूच्या हाटेलात बघितलं का?"

"बघितलं. ते नाही म्हणतात."

"पडद्यामागं खुंटीवर असंल. पर तुला न्हाय द्यायचा तो," आई म्हणाली. "थांब तितंच. मी येते."

मी पुन्हा हॉटेलात गेलो आणि सरळ पडदा सारला. आत एक लहान खोली, एक टेबल, दोन खुर्च्या, आणि भिंतीवर लाकडाच्या दोन गुळगुळीत खुंट्या. त्यांच्यावर आडवी आमची बंदूक. खाली घडी घातलेली गोधडी. लाल फडकंसुद्धा नीट बांधून ठेवलेलं.

"सांडूअण्णा, ही काय आहे मग?"

"ही काकासाहेबांची हाय. तुमचं काय राह्यलं का, तेवढंच तुमी इचारलं," सांडूअण्णा माझ्या आणि भिंतीच्या मधे उभे राहत म्हणाले. "आन देता येनार नाय. काकासाहेबांचा हुकूम हाय. वैनी सोता आल्याबिगर बंदूक खुंटीवरून काढायची नाय. एकडाव काकासाहेब सोता मागाया आलते. त्येंना बी दिली नाय मी."

मी सरकारी भाषेत समजावलं. सहाची मुदत सांगितली, कलमं सांगितली, आठवत नव्हती तीही सांगितली. अण्णांनी कांदा चिरायला घेतला.

पाच वाजून वीस मिनिटांनी बाजाराच्या तोंडाशी मधुसूदनरावांची फियाट दिसली. ही गाडी ते फक्त धुवायला बाहेर काढत. पुढच्या सीटवर आई होती, इरकली लुगड्यात, केस विंचरलेले. गाडी थांबायच्या आधीच तिनं दार उघडलं. गर्दीत ती कुठंही अडखळली नाही, कुणाला रस्ता विचारला नाही. पडदा सारून आत गेली आणि डावीकडच्या खुर्चीत बसली. सांडूअण्णांनी भज्यांची बशी आणून ठेवली आणि चहाचे दोन कप. एक तिच्यापुढं, एक समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढं.

"लई दिस झाले वैनी," ते म्हणाले.

"आखाडात आलतो शेवटचं," आई म्हणाली.

मी फाईल छातीशी धरून उभा होतो. आई बंदुकीकडं बघत बोलायला लागली. एवढं सलग बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

"तुझी आजी मला बाजारात जाऊ द्यायची न्हाई. मोठ्या घरच्या सुना जात नसतात म्हनायची. घरात तेवीस मानसं. दिवसा नवऱ्यासंगं बोलायचं न्हाई, रातच्याला बोलावं तर भिंतीपल्याड आजी जागी. लगीन होऊन चार वर्सं झालती, तू पदरात हुतास, आन मला त्यांचा आवाज नीट वळखू येत नव्हता. मग बंदूक आली. एका बाजारी ते हितंच विसरून आले. घरी येऊन म्हनले, मी बैल हाकू का बंदूक धरू? धरायला कुनीतरी लागतं. गड्याच्या हातात देनं गुन्हा हाय. मग आजीनंच मला गाडीत बसवलं. वाटंत लई बोलले. जाताना बी, येताना बी. मला काय आवडतं ते इचारलं. मी म्हनलं, भजी."

"आणि मग?"

"मग म्होरल्या बाजारी बी विसरले."

"मुद्दाम?"

"मी कधी इचारलं न्हाई. एकडाव आपनहून म्हनले, मनकर्णा, आज मी बंदूक आठवणीनं विसरलो." आईनं चहाचा घोट घेतला. "बाप हत्यार विसरतो हे पोरांना कळू नये म्हनून ते हजेरीचं आजीनं काढलं. पुढं आजी गेली, बैल गेले, फटफटी आली. मला कुनाची आडकाठी राह्यली न्हाई. तरी ते विसरतच राह्यले."

ज्या माणसाला घाबरून मी कधी काही विसरलो नाही, तो चाळीस वर्षं दर बाजाराला बंदूक विसरत होता. मला हसू यायला हवं होतं. पण आई म्हणाली, "आता बी चार वाजले की अंगाला आपसूक सवय हाय. तयार व्हते. दारात बसते. गाडी काय येत न्हाई," आणि माझ्या हातातली ती बारा कागदांची फाईल मला नकोशी झाली. पाच महिने ती माझ्या डोळ्यांसमोर तयार होऊन बसत होती आणि मी तिला टॉनिक आणून देत होतो. आबांची मला इतकी आठवण त्यांच्या तेराव्यालाही आली नव्हती.

आईनं आपला चहा संपवला. समोरच्या कपाकडं थोडा वेळ बघत बसली. मग तो कप माझ्याकडं सरकवला.

"बस. पी. गार व्हईल," ती म्हणाली.

मी आबांच्या खुर्चीत बसून चहा प्यालो. बाहेर मधुसूदनराव घड्याळाकडं बोट दाखवून खुणा करत होते.

ठाण्यापर्यंत बंदूक आईनंच नेली. फडकं नाही, ऊस नाही, गोधडी नाही. नळी आभाळाकडं, दस्ता काखेशी. नजर समोर. सभेच्या गर्दीनं आपोआप वाट दिली. दोन पोलीस पुढं आले आणि तिची चाल बघून बाजूला झाले. दिवसभर मी जे अर्धवट नेत होतो ते तिनं पूर्ण नेलं, आणि कायद्यानं काहीही हरकत घेतली नाही.

जमादारसाहेबांनी रजिस्टर ओढलं. सहाला दहा कमी होते. "बाई, तुमी कोन?"

"बंदूक धरनारी," आई म्हणाली.

जमादारसाहेबांनी माझ्याकडं बघितलं. बाहेर माणूस धरून उभा आहे असं मी म्हणालो होतो ते त्यांना आठवलं असावं. त्यांनी मान डोलावली आणि लिहून घेतलं. आईनं दस्त्यावर तळहात ठेवला, जरा वेळ ठेवला, आणि मग काढला. एका हवालदारानं बंदुकीला चिठ्ठी बांधली आणि ती आत नेली. मला पावती मिळाली. ती मी नीट जपून ठेवली आहे, पण तिच्याकडं बघवत नाही.

येताना फियाटमध्ये आई मागं बसली होती. तिचे दोन्ही हात मांडीवर अजून काहीतरी धरल्यासारखेच होते. चितेगाव मागं पडल्यावर ती एकदम म्हणाली, "बद्री, गोधडी राह्यली सांडूकडं."

मधुसूदनरावांनी ब्रेक दाबला. "वळवू गाडी?"

"आज नगं," आई म्हणाली. "म्होरल्या बाजारी जाऊ."

पुढच्या बाजाराला मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. चोवीस वर्षांत रजेच्या अर्जावर मी कधी खोटं कारण लिहिलं नव्हतं, आणि त्या दिवशीही लिहिलं नाही. ‘गोधडी आणणे’ असं लिहिलं. साहेबांनी तो अर्ज दोनदा वाचला. आम्ही एसटीनं गेलो, पडद्यामागं बसलो, भजी खाल्ली, गोधडी घेतली. त्या वेळी आईचा चष्मा तिथं राहिला. चष्मा आणायला गेलो तर पानाची चंची राहिली. जाताना-येताना आई बोलायची. आबा कसे गाणं म्हणायचे आणि बैल ते ऐकून कसे थांबायचे, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी एसटीच्या बाकावर कळलं. कधी ती बोलायची थांबायची आणि खिडकीतून कितीतरी वेळ रस्त्याकडं बघत राहायची. गाडीवाट त्याच रस्त्याच्या कडेनं जायची. 

आशा आम्हाला पोचवायला दारापर्यंत यायची आणि दार लावून घ्यायची. ती कुठं चाललात असं विचारत नसे. एकदा एसटी सुटल्यावर माझ्या लक्षात आलं की आमच्या लग्नाला एकवीस वर्षं झाली आणि आशाला काय आवडतं ते मी तिला एकदाही विचारलेलं नाही.

त्यानंतर एकदा आम्ही बाजाराहून घरी आलो. आईनं ताटात तांदूळ घेऊन निवडायला सुरुवात केली. मी पिशवी खाली ठेवली, तिच्यात दोनदा हात घातला आणि जरा मोठ्यानंच म्हणालो, "माझा ऑफिसचा डबा सांडूअण्णांकडं राहिला वाटतं."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. आशा दारात येऊन उभी राहिली आणि माझ्याकडं बघायला लागली. त्या पिशवीत मी गेली चोवीस वर्षं डबा नेत होतो आणि परत आणत होतो.

आईनं ताटातून मान वर केली नाही. एक खडा काढून बाजूला टाकला. "मग उद्या रविवारच हाय," ती म्हणाली. "आशाला ने संगं. तू स्कूटर हाकशील का डबा धरशील? धरायला कुनीतरी लागतं."

मी वळून बघितलं. आशा दारात नव्हती. आत कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि ती उद्याची साडी आजच काढून बघत होती.